टाच आली

एका सकाळी साडेसहा वाजता मी एका अख्ख्या गल्लीवर टाच आणली. हातात कोर्टाचा हुकूम नव्हता, शिक्का नव्हता, आणि तसा अधिकार तर माझ्या सात पिढ्यांत कोणाला नव्हता. मी नुसता सायकलवर बसलो होतो आणि ओरडत होतो.

ज्यांच्यावर अशी पाळी आलेली नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. टाच म्हणजे पावलाचा मागचा भाग, हे झालं शाळेतलं मराठी. कोर्टातल्या मराठीत टाच म्हणजे तुमचं कपाट, तुमचं टेबल, तुमची शिलाई मशीन उचलून सरकारजमा होणं. ती टाच घेऊन जो दारात उभा राहतो तो बेलीफ. आणि त्या सकाळी माझ्या सायकलच्या पुढे दहा पावलांवर जे गृहस्थ धापा टाकत पळत होते ते ह्या शहरातले सगळ्यांत जुने बेलीफ होते. त्यांचा चेहरा त्या गल्लीतल्या पोराटोरांना पाठ होता. नात्याने ते माझे थोरले साडू. मी त्यांना दादा म्हणतो.

मी दादांना पळायला शिकवत होतो. त्यांच्या पायात पातळ तळाचे नवे बूट होते आणि माझ्या डोक्यात त्या बुटांबरोबर आलेलं पुस्तक. त्या पुस्तकाचं सगळं सार एका ओळीत मावतं: नैसर्गिक चालीत पाऊल चवड्यावर पडतं, टाच आधी टेकत नाही. दादा दमले की टाच आधी टेकायची, आणि ती टेकली की मी मागून बोंब मारायचो.

"टाच! दादा, टाच आली! परत आली! आता डावीकडे टाच!"

डावीकडे गादीवाल्याचं दुकान होतं. त्याने बाहेर टाकलेली गादी एका झटक्यात गुंडाळून आत नेली. गादीवर आपले सासरे झोपले होते, हे त्याला आत जाऊन उलगडताना कळलं. इस्त्रीवाल्या बाईंनी दोन्ही इस्त्र्या मागच्या खिडकीतून जावेच्या हातात दिल्या. त्यातली एक तापलेली होती, त्यामुळे जावा-जावांचं बरंच जुनं बोलणं त्या दिवशी एकदाचं होऊन गेलं. न्हावी आपल्याच खुर्चीत जाऊन बसला आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरून म्हणाला, "न्यायची तर मला धरून न्या!" आरसेवाला आणि त्याचा भाऊ पुरुषभर उंचीचा आरसा उचलून समोरच्या घरात लपवायला निघाले, आणि नेमके त्याच क्षणी आम्ही गल्लीच्या टोकाला वळसा घालून परत आलो.

"दोन्ही टाचा आल्या, दादा! दोन्ही!"

क्षणभर मी त्या आरशात स्वतःला पाहिलं. सायकलवर बसलेला, जबडा उघडा टाकलेला एक मूर्ख. मग तो मूर्ख शंभर तुकड्यांनी रस्त्यावर सांडला.

आता पुढची गंमत. दादा त्या काचांच्या बरोबर मध्ये होते. जाड तळाचा बूट असता तर कचकच करत बाहेर आले असते. पण मी घेऊन दिलेल्या बुटाचा तळ वहीच्या पुठ्ठ्याएवढा. खाली खडा आला तर खड्याचा आकार कळावा, हे त्या बुटाचं वैशिष्ट्य म्हणून पुस्तकात छापलं होतं. काचेबद्दल काही छापलेलं नव्हतं. दादा जिथे होते तिथे पुतळ्यासारखे उभे राहिले आणि भोवती गल्ली जमली. ज्या माणसाच्या तोंडावर तीस वर्षांत कोणाला मनासारखं बोलता आलं नव्हतं, तो आयता सापडला होता आणि हलू शकत नव्हता. पाव तास लोक बोलत होते. शेवटी इस्त्रीवाल्या बाईंनी झाडू आणला आणि तोंडाचा पट्टा न थांबवता त्यांच्याभोवतीच्या काचा झाडून वाट करून दिली.

बाहेर आल्यावर दादा माझ्याजवळ आले. मला वाटलं, मारतात.

"तुला दुसरा शब्द येत नाही?" ते म्हणाले.

दादांना राग येतो असं म्हणणं म्हणजे समुद्राला पाणी येतं म्हणण्यासारखं आहे. आमच्या सासऱ्यांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी पेट्रोलच्या टँकरवरचा शब्द उचलून त्यांचं नाव ठेवलं: ज्वालाग्राही. सासऱ्यांनी पुढे मला पाहिलं तेव्हा नाव ठेवण्याची त्यांना गरजही वाटली नाही. साडू म्हणजे नातं तरी काय? दोघांनी एकाच सासऱ्याला वेगवेगळ्या वर्षी 'हो' म्हटलेलं असतं आणि त्यानंतर दोघांनाही त्या घरात कोणाला 'नाही' म्हणता आलेलं नसतं. दादा 'नाही' न म्हणता रागावतात, मी 'नाही' न म्हणता नवी पुस्तकं वाचतो. माझं काम चष्म्याच्या दुकानात. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावतो आणि घरी येऊन स्वतः फक्त वरची वाचतो, असं माझ्या बायकोचं मत आहे.

दादा ठेंगणे, रुंद, मान जवळजवळ नाहीच. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत समन्स, नोटिसा, वॉरंट. पायात काळे जाड बूट, त्यांच्या टाचेला लोखंडी नाल. जिन्यात ते चढायला लागले की टक्, टक्, टक् असा आवाज मजल्यामजल्याने वर येतो. घरमालक विरुद्ध भाडेकरू, भाऊ विरुद्ध भाऊ, नवरा विरुद्ध बायको, कोणाचंही भांडण असो, त्याचा पहिला कागद दादांच्या हातून घरात शिरतो. ह्याला त्यांच्या भाषेत बजावणं म्हणतात. आणि दादा बजावतात तसं कोणी बजावत नाही.

दार उघडणारा म्हणतो, "ते घरी नाहीत." पडद्याखाली दोन पाय दिसत असतात.

"मग पडद्याला सांगा सही करायला!" दादा ओरडतात. पाय बाहेर येतात. सही होते. पण दादा जात नाहीत. कागद त्या माणसासमोर उलगडतात आणि त्यातलं कोर्टाचं मराठी माणसाच्या मराठीत आणून सांगतात. "तारीख बारा. बारा म्हणजे बारा. तेराला गेलात तर न्यायाधीश ओळखणार नाही आणि मीही ओळखणार नाही. अकरा वाजता, दुसरा मजला, डावीकडची खोली. चष्मा नेलात तर बरं. आणि रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या, तिथे वेळ नसतो." हे सगळं ते रागावूनच सांगतात. पण मी त्यांच्या फेरीतल्या माणसांना विचारलंय. तारीख चुकलेला माणूस मला सापडला नाही.

एक सोडून.

गेल्या वर्षी दादांची टाच दुखायला लागली. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. तीस वर्षं दगडी जिन्यांवर नाल आपटला, त्याचं व्याज म्हणा. डॉक्टरांनी टाचेत इंजेक्शन दिलं आणि चार दिवस घरी बसवलं. त्या चार दिवसांत त्यांची फेरी दुसऱ्या बेलिफाकडे गेली. हा पस्तिशीतला, चुणचुणीत, वरच्या लोकांचा लाडका. दादा त्याला डिंक्या म्हणतात, कारण त्याच्या पिशवीत कागदांइतकीच महत्त्वाची अशी डिंकाची बाटली असते. माणूस भेटला नाही तर समन्स दाराला चिकटवून यावं, अशी कायद्यात सोय आहे. डिंक्या त्या सोयीवर जगतो. तो जिने चढतच नाही. खालच्या फाटकाला कागद चिकटवतो, नोंद करतो, 'चिकटवून बजावले', आणि पुढच्या फाटकाकडे वळतो.

त्या चार दिवसांत एका चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा कागद होता, घरमालकाने लावलेल्या दाव्याचा. निवृत्त नर्स. एकट्या राहणाऱ्या, गुडघ्यांमुळे आठवड्यातून एकदाच खाली उतरणाऱ्या. डिंक्याने कागद फाटकाला लावला, वाऱ्याने तो नेला. तारखेला बाई आल्या नाहीत. कोर्टाने वाट पाहिली आणि त्यांच्या पाठीमागे निकाल दिला. खोली गेली. पुढे खोलीचा ताबा घ्यायचं वॉरंट निघालं ते दादांच्या पिशवीत. दादा लंगडत चार मजले चढले. बाईंनी नाल ओळखला, दार आधीच उघडून ठेवलं होतं.

"या," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर नेहमी वर येता. मग तो पहिला कागद का नाही आणून दिलात?"

त्या दिवशी दादा घरी आले ते ओरडले नाहीत. ताई, म्हणजे माझी मोठी मेहुणी, मला फोन करून म्हणाली, "लवकर ये. हे गप्प बसलेत. मला भीती वाटतेय."

मी गेलो. दादांनी मला सगळं सांगितलं, अगदी खालच्या आवाजात, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा दादांसारखा राग आला. मला एरवी राग येत नाही, माझा वेळ दुसऱ्यांचा राग शांत करण्यात जातो. पण एका म्हातारीची खोली डिंकाच्या एका बोटाने जाते आणि वहीत तिथे 'बजावले' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं, हे ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दादांनी वर अर्ज केला. उत्तर आलं: बजावणी नियमाप्रमाणे झालेली आहे.

आणि त्याच्या मागोमाग ते परिपत्रक आलं. पन्नाशीपुढच्या बेलिफांची तंदुरुस्ती चाचणी. दोन हजार मीटर, सोळा मिनिटांच्या आत. जो नापास तो तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या फायलींना दोऱ्या बांधायला. त्याची फेरी कोणाकडे जाणार, हे विचारायची गरज नव्हती.

"ज्याने हे लिहिलंय," दादा गरजले, "तो पहिल्या मजल्यावर लिफ्टने जातो! मी पाहिलंय त्याला! खाली उतरतानासुद्धा लिफ्ट!"

राग परत आला म्हणून ताईला हायसं वाटलं. चाचणीला दोन महिने होते. टाच टेकवत नव्हती. आणि इथे माझा प्रवेश झाला.

मी ते बूट घेऊन गेलो तेव्हा दादांनी डबा उघडला, एक बूट उचलला, मुठीत दाबला. तो रुमालासारखा मावला.

"हे पाकीट झालं," दादा म्हणाले. "बूट कुठाय?"

"हाच बूट, दादा. पुढे रुंद आहे, बोटं पसरायला. टाचेला उंची नाही. पाय जसा देवाने दिला तसा चालतो."

"देवाने दिलाय तसा चालवायचा तर मधे दुकानदार कशाला?"

"अहो, जाड टाचेमुळे आपण टाच आपटून चालतो. ही निघाली की पाऊल आपोआप हलकं पडतं. पुस्तकात आहे."

"पुस्तक लिहिणाऱ्याने समन्स बजावलंय कधी?"

पण घातले. रेकॉर्ड रूमच्या भीतीने घातले. मी आरंभशूर, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांना अर्धा तास पळवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोटऱ्या अशा धरल्या की जिना चढता येईना तो येईना, उतरता तर मुळीच येईना. ते कठड्याला धरून उलटे उतरायला लागले. एका वकिलाच्या घरून ते असे पाठमोरे न होता, तोंड दाराकडे ठेवून खाली खाली गेले, तर वकिलाने त्यांना उलट नमस्कार केला. इतका मान त्याला कोर्टातही मिळाला नव्हता.

"तुझ्या पुस्तकात पोटऱ्यांचं काही आहे का?" संध्याकाळी दादांनी विचारलं. पाय गरम पाण्यात होते, बाकीचे दादा पाण्याशिवायच उकळत होते.

मी पान उलटलं. "आहे. पहिले पंधरा दिवस रोज पाचच मिनिटं, असं म्हटलंय."

"मग हे कधी वाचणार होतास? माझ्या शोकसभेत?"

"पुढच्या पानावर होतं हो."

ताई आतून म्हणाली, "हे बघ, त्यांना पळव. पण पळवून लावू नकोस. मला एवढा एकच नवरा आहे."

मग पाच मिनिटं. मग सात. मग दहा. टाचेची कळ पहिल्यांदा कमी झाली ती तिसऱ्या आठवड्यात. दादांनी ते कबूल केलं नाही, पण सकाळच्या पहिल्या पावलाला ते जी शिवी देत ती बंद झाल्याचं ताईने मला कळवलं. मी इतका खूश झालो की हे बूट फेरीवरही घाला, असा आग्रह धरला. त्यातून नवं लफडं झालं.

ह्या बुटांना आवाज नाही. एका घरी दार नुसतं लोटलेलं होतं, आत एक गृहस्थ गाणं म्हणत दाढी करत होते. दादा वर आले ते मांजरीच्या पावलांनी. गृहस्थांना आरशात आपल्या खांद्यामागे अचानक बेलीफ दिसला. गाणं तिथेच संपलं, गाल कापला तो वेगळाच.

त्या दिवशी दादा माझ्यावर जे संतापले ते आधीच्या कुठल्याही रागात बसणारं नव्हतं.

"तीस वर्षं मी लोकांना वाईट बातमी दिली. पण कोणाला दचकवून दिली नाही! जिन्यात माझी टाच वाजते, तेव्हा माणूस शर्ट घालतो. बाई डोळे पुसते. पोरांना आतल्या खोलीत पाठवते. तेवढा वेळ त्यांचा असतो. तो माझ्या आवाजाने त्यांना मिळतो. तो तू काढून घेतलास, चष्मेवाल्या!"

पुस्तकात हे पुढच्याही पानावर नव्हतं. दादांनी फेरीसाठी परत नाल लावलेले बूट घातले आणि टाच परत दुखायला लागली. पळायला पातळ, फेरीला जाड, असं चाललं होतं, आणि त्यातच ती गल्ली झाली, तो आरसा झाला.

आरसेवाल्याने कोर्टात तक्रार केली: बेलीफ पहाटे बेकायदा टाच आणतो, बरोबर ओरडायला भाडोत्री माणूस ठेवतो. नाझरसाहेबांनी, म्हणजे सगळ्या बेलिफांच्या वरच्या साहेबांनी, आम्हा दोघांना बोलावलं. दादांचा राग त्यांना माहीत होता, भाडोत्री माणूस त्यांनी मला पाहून ओळखला.

"तुम्ही ओरडत होता?"

"हो. पण पायाची टाच, साहेब."

"मग 'पाय' म्हणायचं."

हे मला खरंच सुचलं नव्हतं. साहेबांनी हुकूम केला: आरसा मी नवा आणून द्यावा, गल्लीतल्या नऊच्या नऊ दुकानदारांना मी लेखी माफीपत्र द्यावं, आणि दादांबद्दल पुन्हा एक तक्रार आली तर चाचणीची वाट न पाहता त्यांना तळघरात पाठवण्यात येईल. चाचणीला तेव्हा दहा दिवस उरले होते. आरसा मी दुसऱ्याच दिवशी पोचवला. माफीपत्राच्या नऊ प्रती लिहिल्या आणि माझ्या स्वभावाप्रमाणे खणात ठेवल्या.

ह्यापुढे सराव शाळेच्या मैदानावर, तोही ताईच्या देखरेखीखाली. मी तोंड उघडायचं नाही ही अट. दादा पळत होते, दोन फेऱ्यांनंतर टाचा धपाधप आपटत होत्या, आणि मी जीभ चावून बसलो होतो. ताई बाकावर बसून दादांच्या ऑफिसचं पत्रक चाळत होती.

"अहो, ऐकलंत का," ती सहज म्हणाली, "तुमच्या त्या डिंक्याने म्हणे काल एका दिवसात चाळीस बजावण्या केल्या. नाझरसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली."

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दादांची टाच जमिनीवरून उठली. पावलं लहान झाली, भरभर झाली, चवड्यावर पडायला लागली. छाती पुढे, गुडघे मोकळे, खाली आवाज नाही. पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं! पुस्तकवाल्याला हे ठाऊक नव्हतं, पण रागावलेला माणूस टाच टेकत नाही. टाच टेकतो तो थांबायच्या बेतात असलेला. मी दोन महिने ज्या नैसर्गिक चालीसाठी गल्ली उद्ध्वस्त केली, ती ह्या माणसाच्या अंगात जन्मापासून होती. फक्त तिला रॉकेल लागत होतं.

तेव्हापासून आमचा शब्द ठरला. टाच आली की ओरडायचं: "डिंक!"

चाचणीच्या सकाळी सात बेलीफ रेषेवर उभे होते, दादा सगळ्यांत वयस्क. मैदानाच्या पाच फेऱ्या. नाझरसाहेबांच्या हातात घड्याळ. ताई घरीच थांबली, म्हणाली, मला बघवणार नाही. मी कुंपणाला धरून उभा. माझ्या शेजारी कोण येऊन उभं राहावं? खुद्द डिंक्या. पन्नाशीच्या आतला म्हणून त्याला चाचणी नव्हती, नुसता बघायला आला होता. पायात उशा शिवल्यासारखे जाड पांढरे बूट, खांद्याला पिशवी.

दोन फेऱ्या दादा झकास पळाले. तिसरीत उतरले. चौथीच्या सुरुवातीला मला ती दिसली. टाच. आधी उजवी, मग दोन्ही. दोघेजण त्यांना मागे टाकून गेले. घड्याळाकडे बघत नाझरसाहेबांनी मान हलवली.

"डिंक!" मी ओरडलो.

"काय?" डिंक्या म्हणाला.

"तुम्हाला नाही."

"मग कोणाला?"

"त्यांना."

"ते डिंक?"

"नाही, डिंक तुम्हीच. पण सांगतोय त्यांना."

डिंक्याचा चेहरा उतरला. मग तो हसला, समजुतीने हसला, आणि तिथेच त्याने घात करून घेतला. "त्या नर्सबाईंचं अजून मनात धरलंय वाटतं? अहो, कायद्यात बसतं. दार बंद असेल तर चिकटवावं, असं लिहिलंय."

"दार बंद होतं?"

"असणारच की."

"असणार म्हणजे? तुम्ही वाजवलंत?"

"चार मजले चढून?" त्याला खरंच नवल वाटलं. "एका कागदासाठी?"

मी मैदानाकडे वळलो आणि माझ्या चष्म्याच्या दुकानातल्या गळ्याला जेवढा म्हणून आवाज काढता येतो तेवढा काढून ओरडलो, "दादा! डिंक! वर गेलाच नव्हता! दारसुद्धा वाजवलं नव्हतं, दादा! चौथा मजला!"

दादांनी पळता पळता मान वळवून बघितलं. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे. मग शेवटची फेरी त्यांनी जी काढली ती मला जन्मभर पुरेल. छप्पन्न वर्षांचं ते ठेंगणं, रुंद शरीर चवड्यांवर उचललं गेलं होतं आणि मातीवर आवाज होत नव्हता. एक एक करत तिघे मागे पडले. वळणावर माझ्या समोरून गेले तेव्हा ते मोजत होते, मोठ्याने, प्रत्येक पावलाला. मला वाटलं पावलं मोजताहेत. जवळ आले तेव्हा कळलं. "पहिला... दुसरा... तिसरा... चौथा... पहिला... दुसरा..." ते जिने चढत होते.

पंधरा मिनिटं बावन्न सेकंद.

नाझरसाहेबांनी सही केली. कोणीतरी टाळी वाजवली. दादा खाली बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. सरळ कुंपणाशी आले, डिंक्याच्या पिशवीत हात घातला, बाटली काढली, बूच उघडलं आणि बाटली उलटी धरली. डिंक सावकाश पडतो. त्याची तार धरते, तुटते, परत धरते. बाटली रिकामी व्हायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ नाझरसाहेबांसकट सगळे तिथे उभे होते. शेवटचा थेंब पडल्यावर दादांनी बूच लावलं आणि बाटली परत त्याच्या पिशवीत ठेवली.

"आता वाजव दारं," ते म्हणाले.

नर्सबाईंची खोली परत आली नाही. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. त्या आता बहिणीकडे राहतात. दादा तिथे जाऊन आले. तिथे पाच मजले आहेत, आणि ह्या वेळी पिशवीत कागद नव्हता.

पुढच्या आठवड्यात मी दादांबरोबर फेरीला गेलो. पायात पातळ बूट होते. मी म्हटलं, दादा, आवाज? त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढली. जुन्या काळ्या बुटाची टाच. त्यांनी ती मोच्याकडून नुसती उपटून घेतली होती, लोखंडी नालासकट. जिन्याच्या पहिल्या पायरीपासून ते ती टाच हातात धरून कठड्यावर वाजवत चढायला लागले. टक्. टक्. टक्. वर कुठेतरी पाणी बंद झालं. कोणीतरी खुर्ची सरकवली. कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "आले वाटतं, शर्ट घाल." आम्ही वर पोचलो तेव्हा दार उघडं होतं आणि माणूस भांग पाडून उभा होता.

परतताना वाटेत तीच गल्ली लागली. आठवड्याच्या सुट्टीचा दिवस, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. दुकानदार आपापल्या दुकानाच्या वरच राहतात. माझ्या खिशात माफीपत्राच्या नऊ प्रती होत्या, बायकोने सकाळीच खणातून काढून कोंबलेल्या. माझ्या पोटऱ्या पाच इमारती चढून दगड झाल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी विजेचा एक छान रुंद खांब होता.

"दादा," मी म्हटलं, "आज सगळं बंदच आहे. मी काय म्हणतो, ह्या खांबाला एक प्रत लावून टाकू का? येता-जाता सगळे वाचतील."

दादा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. मग हातातली टाच माझ्या हातात ठेवली.

"नऊ जिने आहेत, चढ."